रडणाऱ्याला गाता येत नाही

ऑपेरा संपवून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: काय जीव ओतला हो तिने! ती व्हायोलेटाचं काम करत नव्हती, ती व्हायोलेटाच झाली होती. नायकाविषयीही तेच, किती आतून गायला! परीक्षणं लिहिणारेही फार वेगळं बोलत नाहीत, फक्त त्यांची विशेषणं लांब असतात. हे कौतुक मनापासूनचं असतं, यात शंका नाही. पण त्यामागे कलेविषयीची एक समजूत दडलेली आहे आणि ती उथळ आहे. गायिकेच्या मनात भावना दाटून येते, गळ्यावाटे बाहेर पडते, प्रेक्षकापर्यंत पोचते आणि तो हेलावतो. जितकी तिची भावना खरी तितकं गाणं मोठं, अशी ती समजूत.

माझं म्हणणं आधीच मांडून टाकतो. ऑपेरातली उत्कटता गायकाच्या मनातून ओसंडत नाही. ती संगीतकाराने रचलेली असते. गायक ती शरीरावरच्या विलक्षण ताब्याने उभी करतो. आणि प्रेक्षक ज्या क्षणी भान विसरून टाळ्या वाजवतो त्या क्षणी तो, त्याला कळो न कळो, एका जोखमीला दाद देत असतो. 'जीव ओतला' या स्तुतीतून या तिन्ही गोष्टी गळून जातात. उरतो तो फक्त एक हळवा माणूस, आणि हळवी माणसं आपल्या शेजारीपाजारीही पुष्कळ असतात. त्यांना ऐकायला कोणी तिकीट काढून जात नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच ऑपेरा मध्ये ठेवतो: जुझेप्पे व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता'. पॅरिसमधली गणिका व्हायोलेटा, तिच्या प्रेमात पडलेला आल्फ्रेदो, 'माझ्या मुलाला सोड' म्हणत दारात उभा राहणारा त्याचा बाप जेर्मों, आणि शेवटी क्षयाने मृत्यू. धाकट्या अलेक्झांद्र द्युमाच्या कादंबरीवरून आणि नाटकावरून हे कथानक आलं. भावनेचा महापूर म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावं असा ऑपेरा हाच. माझा मुद्दा इथे टिकला तर इतरत्र टिकायला अडचण नाही.

१. हुंदका आणि श्वास

सुरुवात शरीरापासून करू, कारण तिथे मतभेदाला जागा कमी असते. माणूस खरोखर रडायला लागला की श्वास तुटक होतो, गळ्याचे स्नायू आवळतात, स्वरयंत्र वर सरकतं, आवाज चिरकतो. घरातल्या कार्यात भाषण करताना कंठ दाटून आलेला माणूस दोन शब्दही धड बोलू शकत नाही, हे आपण पाहिलेलं आहे. ऑपेराच्या गायिकेला नेमकं याच्या उलट लागतं. बरगड्या फुललेल्या, गळा मोकळा, श्वास मोजून सोडलेला.

त्यातही तिच्यासमोर मायक्रोफोन नसतो. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात सुमारे दोन हजार माणसं बसतात, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये सुमारे ३८००. मध्ये खड्ड्यात साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद. त्याला ओलांडून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा तर नुसतं ओरडून भागत नाही. स्वीडिश संशोधक योहान सुंडबेर्ग यांनी दाखवून दिलं की तयार पुरुष गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक ठळक उंचवटा असतो. वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली, ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जाताना ओसरत जातो. म्हणजे गायक वाद्यांशी ताकदीने झुंजत नाही, त्यांनी मोकळ्या सोडलेल्या पट्टीतून तो आपला आवाज काढून नेतो. उंच स्वरांतल्या सोप्रानो गायिकांची युक्ती आणखी वेगळी. त्या तोंडाचा आणि जबड्याचा आकार बदलून घशातला अनुनाद त्या-त्या स्वराशी जुळवून घेतात, म्हणून वरच्या सप्तकात त्यांचे शब्द नीट कळत नाहीत. हे सगळं वर्षानुवर्षांच्या मेहनतीने अंगवळणी पडतं आणि एका खऱ्या हुंदक्याने कोसळतं.

व्हायोलेटाची तर मोठीच गंमत आहे. फुप्फुसं कुजून मरणारी ही बाई रंगवायला जगातली सगळ्यांत निरोगी फुप्फुसं लागतात.

२. उत्कटता कागदावर

आता रचना. दुसऱ्या अंकात जेर्मोंला दिलेल्या शब्दाखातर व्हायोलेटा आल्फ्रेदोला सोडायचं ठरवते. ती निरोपाचं पत्र लिहिते तेव्हा ती गातच नाही, एकट्या क्लॅरिनेटची सुरावट चालू असते. तेवढ्यात आल्फ्रेदो येतो. ती पत्र लपवते, हसते, रडते, तुटक तुटक बोलत राहते. व्हेर्दीने इथे तिला लांब ओळ दिलेलीच नाही. वाक्यं अर्धवट, स्वर घाबरेघुबरे, खाली वाद्यांची चुळबुळ. आणि मग एकाएकी सगळा वाद्यवृंद तिच्यासह एका रुंद, उतरत्या सुरावटीत उघडतो. माझ्यावर प्रेम कर, मी करते तितकं कर, एवढंच ती म्हणते आणि निघून जाते. ही जागा मिनिटभराचीही नाही. पण नाट्यगृहात अंगावर काटा येतो तो इथे.

तो का येतो, हे तपासण्यासारखं आहे. पहिलं, ही सुरावट प्रेक्षकाने आधीच ऐकलेली असते. पडदा उघडण्यापूर्वीच्या प्रास्ताविक संगीतात तंतुवाद्यांनी ती संथपणे त्याच्या कानात पेरून ठेवलेली असते. दुसरं, आधीच्या काही मिनिटांत व्हेर्दीने कानाची उपासमार केलेली असते. मोकळी ओळ मिळतच नाही, म्हणून ती मिळाल्यावर धरण फुटल्यासारखं वाटतं. तिसरं, गायिका ही ओळ कुठे श्वास घेऊन गाते यावर तिचं सगळं बळ ठरतं. चुकीच्या जागी श्वास घेतला की ओळीचे दोन तुकडे होतात आणि काटा येत नाही, मग गायिकेच्या डोळ्यांत खरं पाणी असलं तरी नाही.

म्हणजे ज्याला आपण तिच्या मनाचा उद्रेक समजतो त्याची वेळ, उंची आणि लांबी १८५३ मध्येच ठरलेली आहे. रोज रात्री, प्रत्येक नाट्यगृहात, प्रत्येक गायिकेला 'उद्रेक' त्याच मात्रेवर व्हावा लागतो. खड्ड्यातला संचालक हात वर करून उभा असतो आणि तिला त्याच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहावं लागतं. हे एखाद्याला रुक्ष वाटेल. मला ते अधिक थक्क करणारं वाटतं.

३. एकच शहर, दोन निकाल

'ला त्राव्हियाता'चा पहिला प्रयोग ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात झाला आणि पडला. नायिका फान्नी साल्व्हिनी-दोनातेल्ली अंगाने भरलेल्या होत्या. क्षयाने खंगलेली बाई म्हणून त्या समोर येताच लोक हसले, अशी आख्यायिका त्या रात्रीला कायमची चिकटली आहे. पण पहिल्या अंकात त्यांच्या गाण्याला चांगल्या टाळ्या पडल्या होत्या, हे आख्यायिका सांगणारे विसरतात. खरी पडझड पुढच्या अंकांत झाली. जेर्मोंचं काम करणारे फेलिचे व्हारेझी हे नाणावलेले बॅरिटोन, पण त्यांच्या आवाजाचे दिवस सरत आले होते.

चौदा महिन्यांनी, मे १८५४ मध्ये, त्याच व्हेनिसमध्ये सान बेनेदेत्तो नाट्यगृहात मारिया स्पेत्झिया यांना घेऊन तोच ऑपेरा पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. मधल्या काळात व्हेनिसच्या लोकांची हृदयं मऊ झाली नव्हती. बदलले होते गायक, आणि व्हेर्दीने काही जागा पुन्हा लिहिल्या होत्या. त्यात व्हायोलेटा आणि जेर्मोंच्या लांबलचक द्वंद्वगीताचाही समावेश होता. कथा तीच, भावना तीच, शहर तेच. गाणं गळ्यात बसू लागलं तेव्हा लोकांना रडू आलं. भावना हे मूळ कारण असतं तर पहिल्या रात्री ती कुठे गेली होती?

४. लयीचा जुना मुद्दा

आपल्याकडे हा वाद नवा नाही. रसनिष्पत्तीच्या चर्चेत भट्ट लोल्लटाने रसाचा संबंध मूळ पात्राशी आणि मग नटाशी जोडला. त्यावर अभिनवगुप्ताच्या विवेचनात जो आक्षेप येतो तो ऑपेराच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे: नट खरोखरच भावात बुडाला तर मरणाच्या प्रसंगी तो मरेल आणि लय मोडेल. रस चाखतो तो प्रेक्षक. नट हे भांडं, आणि भांड्याला चव कळत नसते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरोने नटाविषयी जवळपास हेच म्हटलं. मोठा नट थंड डोक्याचा असतो, प्रेक्षकाला रडवताना तो स्वतः मोजमाप करत असतो.

मराठी संगीत रंगभूमीवरची एक घटना इथे आठवते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती, तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपण कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मला तिच्यातून कलेविषयीचं काही दिसतं. भामिनी ही श्रीमंतीच्या तोऱ्यातली तरुण मुलगी. त्या रात्री बापाचं दुःख गळ्यात उतरलं असतं तर भामिनी उभीच राहिली नसती. प्रेक्षकांसमोर भामिनी आली, बाप आला नाही. 'आतून गाणं' म्हणजे मनात असेल ते बाहेर काढणं, ही व्याख्या या एका रात्रीने निकालात निघते. मनात जे होतं ते बाहेर येऊ न देता, जे नव्हतं ते उभं करणं हे त्या रात्रीचं काम होतं.

आणि ऑपेराने तरी या समजुतीची टर कमी उडवली आहे का? लेओन्काव्हाल्लोच्या 'पाल्याच्ची'चा पहिला प्रयोग २१ मे १८९२ रोजी मिलानमध्ये झाला, संचालक होते तरुण आर्तुरो तोस्कानिनी. त्यात खेडोपाडी फिरणारा नट कानिओ रंगमंचावर विनोदी नाटक चालू असताना बायकोच्या, नेद्दाच्या, बाहेरख्यालीपणाने खरोखर पेटतो. नाटकातलं गावकरी प्रेक्षकमंडळ खूश. किती खरं वाटतंय, म्हणून वाहवा चालू. मग सुरा निघतो, नेद्दा पडते, तिला वाचवायला धावलेला तिचा प्रियकर सिल्व्हिओ पडतो, आणि टाळ्या वाजवणारे हात थिजतात. भावना खरी झाली त्या क्षणी नाटक संपलं. 'खरं वाटतंय' म्हणून दाद देणाऱ्यांचं इतकं निर्दय चित्र दुसरं माझ्या पाहण्यात नाही. त्यावर कळस असा की प्रयोग संपल्यावर बाहेर पडणारे आपण कानिओच्या गायकाविषयी तेच वाक्य म्हणत असतो.

५. मग दाद कशाला?

इथे कोणी विचारेल, प्रेक्षकाला हे अनुनाद आणि श्वास कुठे कळतात? तो तर सरळ हेलावतो. बरोबर आहे. पण हेलावणं आणि दाद देणं या दोन गोष्टी एकत्र घडत असल्या तरी एक नाहीत. हेलावलेला माणूस गप्प होतो. टाळी वाजवणारा माणूस काहीतरी साधलं, असं सांगत असतो.

काय साधलं? १९७२ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये लुचानो पावारोत्ती यांनी दोनिझेत्तीच्या 'रेजिमेंटची मुलगी'मधल्या एका गाण्यात वरचा 'सी' नऊ वेळा खणखणीत लावला आणि लोक वेडे झाले. त्या गाण्यात दुःख नाही, शोकांत नाही, एका तरुणाचा आनंद आहे. तरीही अंगावर काटा आला, कारण प्रत्येक 'सी'आधी प्रत्येकाच्या पोटात एकच प्रश्न होता: लागेल का? हेच गाणं २००७ मध्ये ला स्कालात हुआन दिएगो फ्लोरेस यांनी गायलं तेव्हा वन्समोअर घ्यावा लागला, आणि त्या नाट्यगृहात १९३३ नंतर पहिल्यांदाच असं घडलं. तोस्कानिनींना वन्समोअरचा मनापासून तिटकारा. १९०३ मध्ये लोक वन्समोअरसाठी अडून बसले म्हणून ते चालू प्रयोग सोडून ला स्कालातून निघून गेले होते. आपल्या संगीत नाटकांत वन्समोअरवर वन्समोअर घेत रात्रीची पहाट व्हायची. तोस्कानिनींना तिथे एक अंकही काढता आला नसता.

पण जोखीम म्हणजे केवळ उंच स्वर नव्हे. तसं समजलं तर आपण एका उथळ समजुतीतून दुसरीत जाऊ. व्हायोलेटाच्या पहिल्या अंकातल्या गाण्याच्या शेवटी बहुतेक गायिका एक उंच 'ई फ्लॅट' लावतात. तो व्हेर्दीने लिहिलेलाच नाही, परंपरेने आणि टाळ्यांच्या लोभाने आला. खरी जोखीम तिसऱ्या अंकात आहे. तिथे मरणाच्या दारातली व्हायोलेटा आल्फ्रेदोच्या बापाचं पत्र वाचते. वाचते म्हणजे अक्षरशः वाचते, गात नाही, आणि व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून हळू चालू असते. गाण्यात मुरलेल्या बाईला साध्या बोलण्यावर उतरवायचं आणि लगेच पुन्हा गायला लावायचं, हा व्हेर्दीचा क्रूरपणाच. मग गतायुष्याचा निरोप घेणारं गाणं सुरू होतं, ओबोची साथ घेऊन. शेवटचा स्वर वरचा 'ए', आणि त्यावर व्हेर्दीची सूचना अशी की तो धाग्याइतक्या बारीक आवाजात लावावा. मोठ्याने लावायला तो सोपा आहे. बारीक लावताना तो कुठल्याही क्षणी तुटू शकतो.

मारिया कॅलासने १९५८ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये हा स्वर असा लावला की तो तुटतोय की काय असं वाटावं. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ऐकताना स्वर एखाद्या काठावर उभा राहिल्यासारखा होतो, क्षीण होतो, कापतो आणि विझतो. काहींना वाटलं, बाई दमली. कॅलासचं म्हणणं असं की या अवस्थेतल्या बाईचा आवाज गोल आणि भरदार असूच शकत नाही. दमलेली होती ती व्हायोलेटा. तो आवाज दमलेला वाटावा, यासाठी कॅलासने आपलं सगळं कौशल्य पणाला लावलं होतं, आणि चांगल्या स्वराची सोपी टाळी त्यासाठी हातची जाऊ दिली. दाद द्यायची तर या त्यागाला. 'बिचारी किती आतून गायली' म्हणणाऱ्याने तो त्याग पाहिलेलाच नसतो.

६. आक्षेप

पहिला आक्षेप जोरदार आहे आणि तो कॅलासवरूनच येतो. तिचा आवाज निर्दोष नव्हता. वरचे स्वर डगमगत, मध्ये कर्कशपणा डोकावे. तिच्या काळातल्या रेनाता तेबाल्दीचा आवाज कितीतरी गोड. तरी लोक कॅलाससाठी रडले. मग तंत्रापेक्षा भावना मोठी, हेच सिद्ध होत नाही का? नाही. इथे आवाजाची जात आणि तंत्र यांची गल्लत होते. आवाज सुंदर नसणं हा दैवाचा भाग; त्याचा वापर हा विद्येचा. अथेन्समध्ये एल्व्हिरा दे इदाल्गोंकडे ती जुन्या इटालियन गायकीत तयार झाली, पुढे तुल्लिओ सेराफिन आणि व्हिक्तोर दे साबाता यांच्या हाताखाली घडली. दे साबातांच्या १९५३ च्या 'तोस्का' ध्वनिमुद्रणात एकेक वाक्य पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं गेलं. उद्रेक असा पुन्हा पुन्हा मागवता येत नाही. एखाद्या शब्दावर किती भार द्यायचा, विराम किती लांबवायचा, कुरूप आवाज नेमका कुठे वापरायचा, याचा हिशेब तिच्याइतका काटेकोर फार थोड्यांचा होता. तेबाल्दी-कॅलास असे तट पाडून भांडणाऱ्यांनी मात्र एकीला देवदूत आणि दुसरीला वाघीण करून दोघींच्याही विद्येवर बोळा फिरवला.

दुसरा आक्षेप: इटालियन गायक तर रंगमंचावर खरोखर हुंदके देतात. एन्रिको कारुझोच्या ध्वनिमुद्रणात कानिओचं हसणं आणि हुंदके ऐकू येतात, बेन्यामिनो जिलीच्या गाण्यात तर हुंदका हा अलंकारच होऊन बसला. ऐकू येतात, मान्य. पण ते कुठे येतात ते ऐकावं. ते ओळ संपल्यावर, स्वर सुटल्यावर, वाद्यं मोकळी झाल्यावर येतात. ओळीच्या मधोमध येऊन तिला मोडत नाहीत. जो हुंदका लयीची वाट पाहतो तो हुंदका नाही, ती जागा आहे. जिलीच्या बाबतीत ती जागा मला अनेकदा स्वस्त वाटते, पण तो माझ्या रुचीचा प्रश्न.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. हे सगळं म्हणजे जाणकारांची मक्तेदारी. साध्या प्रेक्षकाच्या अश्रूंना तुम्ही खालच्या रांगेत बसवता. हा आरोप मला मान्य नाही. प्रेक्षकाचे अश्रू खरे आहेत आणि ते यायलाच हवेत, तेवढ्यासाठीच तर व्हेर्दीने सगळा घाट घातला. मी वाद घालतो आहे तो अश्रूंच्या स्पष्टीकरणाशी. 'मला रडू आलं' यात काहीच चूक नाही. 'मला रडू आलं, म्हणजे ती रडत होती' हे अनुमान मात्र चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचं कळायला संगीताची पदवी लागत नाही. ला स्कालाच्या वरच्या स्वस्त गॅलरीत वर्षानुवर्षं उभे राहणारे रसिक काही प्राध्यापक नसतात. २००६ मध्ये 'आईदा'तल्या पहिल्याच गाण्यानंतर त्यांनी हुर्यो केली, तेव्हा टेनर रोबेर्तो आलान्या रंगमंच सोडून चालता झाला आणि बदली गायकाला रोजच्या कपड्यांत धावत यावं लागलं. १९९२ मध्ये 'दोन कार्लो'त स्वर फुटला तेव्हा त्यांनी पावारोत्तींनाही सोडलं नाही. हा उद्धटपणा मला आवडत नाही. त्यात पूर्वग्रह असतात, टोळीबाजीही असते. पण एक गोष्ट त्यांना द्यावी लागते: ते स्वर ऐकतात. गायकाचा चेहरा पाहून ते विरघळत नाहीत.

७. उथळ कौतुकाचा हिशेब

हा सगळा वाद शब्दांपुरता असता तर एवढी शाई खर्च केली नसती. पण कौतुक ज्या दिशेने वाहतं त्या दिशेने कलेचा व्यवहार वळतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात ओग्युस्त लव्हासर नावाच्या माणसाकडे भाडोत्री टाळीवाल्यांची फौज होती. तो तालमींना हजर राहायचा, व्यवस्थापकाशी बोलून कुठे किती टाळ्या हव्यात ते ठरवायचा. अशा फौजांत हसणारे वेगळे, वन्समोअर ओरडणारे वेगळे, आणि रुमाल डोळ्यांना लावणारेही वेगळे असत. भावनेचं प्रदर्शन पाहून लोक हलतात, हे त्या व्यापाऱ्यांना कलावंतांपेक्षा आधी कळलं होतं.

आज भाडोत्री रडणारे नाहीत, पण 'जीव ओतणाऱ्या' जोडीचा बाजार आहे. २००५ मध्ये साल्झबर्ग महोत्सवात आन्ना नेत्रेब्को आणि रोलांदो व्हियाझोन यांचा 'ला त्राव्हियाता' गाजला. व्हिली डेकर यांचं दिग्दर्शन, अर्धवर्तुळाकार पांढरी भिंत, भलंमोठं घड्याळ, लाल पोशाखातली व्हायोलेटा. प्रयोग खरोखरच जबरदस्त आहे. पण त्याविषयी जे बोललं गेलं ते बहुतांशी दोघांच्या 'केमिस्ट्री'विषयी. जणू दोन सुंदर माणसं एकमेकांच्या प्रेमात पडली आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाटेवर उभं राहून वाजवत होतं. प्रत्यक्षात ती केमिस्ट्री म्हणजे दोघांनी एकाच ठिकाणी घेतलेला श्वास, एकाच क्षणी सोडलेला स्वर, आणि त्यांना धरून ठेवणारे संचालक कार्लो रिझ्झी. थॉमस हॅम्पसन यांनी उभा केलेला जेर्मों नसता तर त्या प्रेमाला धडकायला भिंतच मिळाली नसती. जेर्मोंच्या कामाबद्दल कोणी 'जीव ओतला' म्हणत नाही, कारण तो रडत नाही. १८५३ मध्ये मात्र तोच ढासळल्याने ऑपेरा ढासळला होता.

नायक-नायिकेवर सगळा प्रकाश ओतण्याचे परिणाम रंगमंचावरही होतात. १९५५ मध्ये ला स्कालात लुकिनो व्हिस्कोंतींनी दिग्दर्शित केलेला आणि कार्लो मारिया जुलिनींनी संचालित केलेला 'ला त्राव्हियाता' कॅलासच्या कारकिर्दीचं शिखर मानला जातो. पहिल्या प्रयोगानंतर आल्फ्रेदो झालेले जुझेप्पे दि स्तेफानो ते काम सोडून गेले. कॅलासने एकटीने पुढे येऊन घेतलेल्या अभिवादनाचा राग हे त्याचं एक कारण सांगतात. दोष कोणाचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. दोघांनी मिळून बांधलेली गोष्ट टाळ्यांनी एकाच्या नावावर करून टाकली होती.

आणि टाळ्यांची मोजदाद? १९८८ मध्ये बर्लिनमध्ये पावारोत्तींना १६५ वेळा पडद्यापुढे यावं लागलं, तासाहून अधिक वेळ. १९९१ मध्ये व्हिएन्नात 'ओतेल्लो'नंतर प्लासिदो दोमिंगो यांना १०१ वेळा. हे आकडे विक्रमांच्या पुस्तकांत शोभतात. पहिली पाच-दहा मिनिटं टाळ्या गायकासाठी असतात, हे मी मान्य करीन. त्यानंतर लोक स्वतःच्या भारावलेपणावर खूश होऊन टाळ्या वाजवत असावेत, असा मला संशय आहे.

८. मोठ्या पडद्यावरचा घाम

मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या रसिकासाठी हा प्रश्न आता वेगळ्या रूपात उभा आहे. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, मूळच्या मुंबईच्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो यांच्या गायनाने. पण पूर्ण ऑपेरा प्रत्यक्ष पाहण्याची संधी आपल्याकडे क्वचितच. बहुतेक जण तो पडद्यावर पाहतात. मेट्रोपॉलिटनने २००६ च्या डिसेंबरपासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवायला सुरुवात केली आणि मुंबईच्या एनसीपीएमध्येही त्यांची चित्रणं दाखवली गेली. उपकार मोठा, यात वाद नाही. न्यूयॉर्कचं विमानाचं तिकीट कोणाला परवडतं?

पण पडद्यावर दोन गोष्टी बदलतात. कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्याला भिडतो, अश्रू टपोरा दिसतो, ओठांची थरथर दिसते. गॅलरीच्या शेवटच्या रांगेतून यातलं काहीच दिसत नाही. आणि आवाज मायक्रोफोनमधून, वाद्यवृंदाशी तोल सावरून आपल्यापर्यंत येतो. म्हणजे ज्या अंतरावर मात करणं हे या कलेचं निम्मं काम आहे ते अंतरच नाहीसं होतं. गायिकेने पत्करलेली जोखीम कानांआड जाते आणि भावनेचं दर्शन दहापट मोठं होतं. 'जीव ओतला' या समजुतीला याहून पोषक जागा शोधून सापडणार नाही. निर्मातेही मग त्या कॅमेऱ्यासाठी माणसं निवडू लागतात. चेहरा बोलका, देह सडपातळ, आवाज जेमतेम पुरेसा. साल्व्हिनी-दोनातेल्लींना आज कदाचित चाचणीलाही कोणी बोलावणार नाही.

यावर पडदा नाकारणं हा उपाय नाही. पडद्यावरही जोखमीच्या खुणा उरतात, नजर तिकडे वळवावी लागते. दुसऱ्या अंकातली ती रुंद ओळ येण्याआधी गायिकेचे खांदे पाहावेत. ते वर जात नाहीत, फुलतात त्या खालच्या बरगड्या. तोंड उघडण्याच्या क्षणभर आधी तिची नजर आल्फ्रेदोच्या खांद्यावरून पलीकडे, खड्ड्यातल्या हाताकडे जाते. मुख्य पात्रं गात नसताना समूहातले गायक काय करतात ते पाहावं. आणि तिसऱ्या अंकात 'ए' संपल्यावर कॅमेरा डोळ्यांवर थांबलेला असताना, तिच्या गळ्याजवळची शीर सैल झाली की नाही, तेवढं बघावं.